कानाच्या नळीची किंमत

मी एक नळी बोलतेय. हसू नका. आजवर माझ्या पोटातून मडमेचे, कारकुनाचे, सुनेचे असे पुष्कळांचे बोलणे गेले. माझे म्हणणे काय, हे मात्र कुणी विचारले नाही. म्हणून ठाण्यातल्या एका ओटीवर खुंटीला लटकल्या लटकल्या, जरा सवड आहे तोवर, मीच बोलून घेते.

आधी रूप सांगते, कारण मला पाहून लोकांचा फार घोटाळा होतो. ऐन उमेदीत मी चांगली साडेतीन हात लांब होते. आतून तारेचे वेटोळे, वरून काळ्या-तांबड्या रेशमाचे विणकाम. एका टोकाला शिसवी लाकडाची बोंडी, ती बहिऱ्या माणसाने कानात घालायची. दुसऱ्या टोकाला पेल्याएवढे पितळी तोंड, त्यात समोरच्याने बोलायचे. बोललेला शब्द वाटेत कुठे न सांडता थेट कानात जातो. ओरडायची गरज नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथून जहाजाने मुंबईला आले आणि कोटात, म्हणजे फोर्टात, एका दुकानाच्या काचेत जाऊन बसले. माझ्या किमतीत ठाण्याला एक दुभती म्हैस येऊन वर तिच्या पेंडीचेही पैसे उरले असते. हा हिशेब माझा नव्हे. तो मला पुढे गंगूबाईंकडून इतक्यांदा ऐकावा लागला की पाठच झाला.

माझी पहिली मालकीण म्हणजे ठाण्याच्या खाडीकडच्या बंगल्यात राहणारी एक म्हातारी मेमसाहेब. नवरा मिठागरांवरचा साहेब. बाईंना ऐकू येत नव्हते, पण ऐकायची हौस दांडगी. संध्याकाळी चार मडमा जमल्या की माझे पितळी तोंड एकीपुढून दुसरीपुढे फिरायचे आणि अख्ख्या जिल्ह्याची उणीदुणी माझ्यातून वाहायची. पण साहेब आपली शिकारीची हकिकत सांगू लागला, की बाई माझ्या तोंडावर अलगद अंगठा दाबून धरायच्या आणि गोड हसत बसायच्या. साहेबाला वाटे, काय मन लावून ऐकते आहे! असा त्यांचा संसार फार सुखाचा चालला.

साहेबाची नोकरी संपली, मंडळी विलायतेला निघाली आणि बंगल्याच्या आवारात सामानाचा लिलाव झाला. तिथे माझी जी शोभा झाली ती सांगवत नाही. लिलाव पुकारणाऱ्याने मला वर धरले, दोन्ही टोके पाहिली आणि ओरडला, "हुक्क्याची नळी! खाशी रेशमी नळी! सोबत पोपटाचा पिंजरा!" मी, जिने मुंबईच्या काचेत दिवस काढले, ती मी एका रिकाम्या पिंजऱ्याबरोबर विकली गेले.

घेणारे होते विश्रामराव. कलेक्टर कचेरीत कारकून, आणि लिलावाला जाण्याचा भारी शौक. घरी त्यांच्याकडे तीन लंगड्या खुर्च्या आणि चालत नसलेली दोन घड्याळे होती, सगळी अशीच स्वस्तात मिळालेली. त्यांनी घरी जाऊन मला गुडगुडीला जोडले आणि मोठ्या आशेने माझी बोंडी तोंडात धरून ओढायला लागले. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, धूर मात्र येईना. शेवटी साहेबाच्या स्वयंपाकघरातला जुना बबर्जी बाजारात भेटला आणि त्याने सांगितले, "रावसाहेब, ती मडमेच्या कानातली आहे हो!" विश्रामरावांनी त्या दिवशी किती चुळा भरल्या ते विचारू नका.

पण माणूस दिलदार. चुळा भरता भरता त्यांना आपल्या शेजारच्या टेबलावरचे त्र्यंबकराव आठवले.

त्र्यंबकराव कचेरीत कागदांच्या नकला करत. काही वर्षांपूर्वी त्यांना हिवतापाने धरले होते. कोयनेल खाऊन खाऊन ताप गेला आणि जाताना कानही घेऊन गेला. नोकरीला धक्का लागला नाही, कारण नकल करायला डोळे आणि हात पुरतात. उलट साहेब खूश होता. बाकीचे कारकून गप्पांत वेळ घालवत, त्र्यंबकराव आपले लिहीतच असत. त्रास होता तो विश्रामरावांना. त्यांना दिवसभर शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागे आणि संध्याकाळपर्यंत घसा बसे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी माझी बोंडी त्र्यंबकरावांच्या कानात घातली, माझे तोंड आपल्या तोंडाशी धरले आणि सवयीप्रमाणे ओरडले, "ऐकू येतंय का?"

त्र्यंबकराव खुर्चीतून उडाले. दौत सांडली. साहेबाच्या एका महत्त्वाच्या कागदाची नकल निळी झाली.

"अहो हळू!" त्र्यंबकराव कान चोळत म्हणाले. मग एकदम थांबले. इतक्या वर्षांत त्यांना कुणाला 'हळू' म्हणायची वेळ आली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला ते दौत पुसत बसले.

"आठ दिवस वापरून बघा," विश्रामराव हळू आवाजात म्हणाले. "पटली तर मला पडली तेवढी किंमत द्या. नाही पटली तर परत करा, पोपटाच्या पिंजऱ्याला बांधायला होईल."

अशी मी त्र्यंबकरावांच्या घरी आले. कौलारू घर, पुढे ओटी, मागे माजघर, त्याच्यामागे स्वयंपाकघर. घरात चार माणसे. त्र्यंबकराव, त्यांची आई गंगूबाई, बायको गोदा आणि नऊ वर्षांची मुलगी शकू. आणि या घराची रीत पाहून मी विलायतेची असूनही थक्क झाले.

नवरा बहिरा, म्हणजे त्याच्याशी ओरडून बोलायला हवे. पण सासू घरात असताना सुनेचा आवाज माजघराबाहेर जाता कामा नये. नवऱ्याशी चारचौघांदेखत बोलायचे नाही, मग ओरडायचे तर नावच नको. आता सांगा, गोदाने बोलावे कसे? ती काय ते सासूच्या कानाशी हळू सांगायची आणि गंगूबाई ते मुलाला ओरडून सांगायच्या. घरचे सगळे टपाल एकाच बाईच्या हातातून जायचे, आणि त्या बाई वाटेत पाकीट फोडायच्या.

गोदा म्हणायची, "माझं लुगडं पार विरलंय, एक आणायला सांगा." गंगूबाई कडाडायच्या, "त्र्यंबका! माझी मिसरी संपलीय रे!" मग जरा थांबून, "आणि सूनबाई म्हणते, तिला काही नको!"

त्र्यंबकरावांची अशी समजूत झाली होती की आपली बायको जगात सर्वांत समाधानी बाई आहे. ते मित्रांना कौतुकाने सांगतही असत.

खोलीचे दार लावून गोदाने बोलायचा प्रयत्न केला नव्हता असे नाही. पण हळू बोललेले त्यांना पोचायचे नाही आणि मोठ्याने बोललेले आधी सासूला पोचायचे. लिहिता तिला येत नव्हते. राहता राहिल्या खुणा. आणि नेमक्या त्या दिवसांत तिला जे सांगायचे होते, ते खुणांनी सांगण्यासारखे नव्हते.

शकूला कल्याणहून स्थळ आले होते. स्थळ गंगूबाईंच्या माहेरच्या नात्यातले. नाव विठ्ठलपंत, भाताची मोठी वखार, हुंडा नको, मुलगी तेवढी द्या. गंगूबाईंनी मुलाला सांगितले होते, "मुलगा तिशीचा आहे, एकदाच संसार मोडलाय, मागे मूलबाळ नाही!" त्र्यंबकरावांना ते बरे वाटले होते. येत्या रविवारी बैठक बसायची होती. सुपारी फुटली की लग्न ठरले.

गोदाला मात्र एका हळदीकुंकवात कल्याणच्याच बाईकडून खरे कळले होते. विठ्ठलपंतांची पन्नाशी जवळ आलेली. दोन बायका गेलेल्या. पहिलीची मुलगी लग्न होऊन नांदत होती आणि त्या वेळी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. म्हणजे शकू मांडवात उभी राहील तेव्हाच कुणाची तरी आजी झालेली असेल.

गोदाने ते सासूला सांगितले. गंगूबाई म्हणाल्या, "पुरुषाचं वय बघतात का?" आणि ओटीवर जाऊन ओरडल्या, "त्र्यंबका! सूनबाईला स्थळ फार पसंत आहे!"

मग तिने खुणा केल्या. झोपलेल्या शकूकडे बोट दाखवले, कमरेत वाकली, काठी टेकल्यासारखे केले, तोंडाचे बोळके करून दाखवले. त्र्यंबकरावांनी काळजीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कमरेला चोळायला तेल आणले.

अशा घरात बुधवारी संध्याकाळी मी पाऊल ठेवले, म्हणजे काखेतून आले. गोदाने मला दाराआडून पाहिले. त्र्यंबकराव शकूला माझा उपयोग समजावून सांगत होते. गोदा जागची हलली नाही, पण तिच्या हातातल्या परातीतले तांदूळ भसाभस खाली सांडले. हिला माझी किंमत कळली, हे मी त्याच क्षणी ओळखले.

गंगूबाईंनाही कळली. पैशांतलीही कळली, आणि आता घरचे टपाल आपल्या हातून जाणार हेही कळले.

"केवढ्याला?" त्यांनी प्रथम विचारले. आकडा सांगताना त्र्यंबकरावांनी बबर्जीने सांगितलेली दुकानातली मूळ किंमतही सांगून टाकली, आणि म्हैस निघाली, पेंड निघाली. "आणि मी आहे ना सांगायला? माझा घसा काय फुटलाय?" मग त्यांनी मला चिमटीत धरून न्याहाळले. रेशीम पाहून जरा निवळल्या, कारण रेशमाला विटाळ नसतो. पण पितळी तोंडाशी येऊन थबकल्या. "ह्यात कोण बोलायचं?"

"मडम," त्र्यंबकराव भोळेपणाने म्हणाले.

झाले! मडमेचे तोंड लागलेली वस्तू! उष्टी! आणि ते उष्टे मुलाच्या कानातून पोटात जाणार! कानातून उष्टे जाते की नाही यावर शेजारच्या भटजींना बोलावून विचारले. भटजींनी पुष्कळ वेळ विचार केला. कानाबद्दल शास्त्रात स्पष्ट काही नाही, पण पितळ चिंच-राखेने घासून अग्नीतून काढले की शुद्ध होते, असे सांगून ते दक्षिणा घेऊन गेले. शुद्धी होईपर्यंत मला कुणी शिवायचे नाही, म्हणून ती रात्र मी गंगूबाईंच्या नजरेखाली ओटीवर काढली.

सकाळी गंगूबाईंनी मला आधी चिंचेने घासले. माझे तोंड असे लखलखले की विलायतेतही लखलखले नसेल. इथवर ठीक होते. मग त्यांनी ते तोंड निखाऱ्यांवर ठेवले आणि स्नानाला गेल्या. भांड्यांना लावायचा नियम त्यांनी मला लावला होता. त्यात मला त्यांचा कपटीपणा दिसत नाही, त्या खरोखरच शुद्धीला भारी जपायच्या. पण माझा सांधा होता कथलाचा. कथील वितळले, रेशीम करपले, आणि माझे तोंड टप्पदिशी गळून राखेत पडले. वर्षानुवर्षे आब राखून राहिलेली मी, आणि माझे तोंड असे चुलीत काळे झाले.

गोदाने धूर पाहिला, धावत आली आणि उघड्या बोटांनी मला निखाऱ्यातून ओढून काढले. बोटांना फोड आले. ती रडली, पण भाजल्यामुळे नव्हे. रविवार तीन दिवसांवर आला होता.

त्र्यंबकराव मला गुणाजी तांबटाकडे घेऊन गेले. गुणाजीने मला उलटीपालटी केली. माझे वाकडे झालेले तोंड ठोकून सरळ करायला गेला आणि ते चिरले. मग त्याने दुकानात हातात येईल ते लावून पाहिले. लोटीची मान बसली नाही, समईचा पाय बसला नाही. शेवटी तेल ओतायचे एक पितळी नरसाळे बसले. त्याने ते झाळून टाकले.

"आता बघा रावसाहेब, एक थेंब सांडणार नाही," तो माझ्याकडे पाहत अभिमानाने ओरडला. "कानात कुठलं तेल घालताय? तिळाचं का खोबऱ्याचं?"

मला रडू येत होते. रेशमाचा अंगरखा आणि तोंडाला तेलाचे नरसाळे! आणि काम तरी वेळेत व्हावे ना! गुणाजीने आज देतो, उद्या देतो करत रविवारी सकाळी मला घरी पाठवले, तेव्हा कल्याणची मंडळी आगगाडीतून उतरून ओटीवर येऊन बसलीसुद्धा होती.

बैठक अशी होती. ओटीवर सतरंजी. एका बाजूला विठ्ठलपंत, त्यांचे म्हातारे काका आणि त्यांचे भटजी. विठ्ठलपंतांनी मिशांना काळाकुळकुळीत कलप लावला होता. दुसऱ्या बाजूला माजघराच्या दाराला टेकून त्र्यंबकराव, शेजारी विश्रामराव. मधे तबकात सुपारी. आणि दाराआड, पडद्यामागे, गंगूबाई नि गोदा. गंगूबाई पाहुण्यांसाठी पुरणावरणाचा स्वयंपाक करत होत्या, म्हणून सोवळ्यात होत्या.

त्र्यंबकरावांनी माझी बोंडी कानात घातली आणि माझे नवे तोंड मोठ्या आदराने काकांपुढे केले. "यात बोलावं. मला सगळं ऐकू येईल."

काकांनी नरसाळ्यात डोकावून पाहिले. "कुठून आणलं हे?"

विश्रामरावांना खोटे बोलता येत नसे. "मेमसाहेबांची होती. पण शुद्ध करून घेतली आहे, एकदा जळलीसुद्धा."

काका मागे सरले. त्यांनी मला भटजींकडे सरकवले. भटजींनी उपरण्याच्या टोकाने ढकलून विठ्ठलपंतांकडे दिले. विठ्ठलपंतांना मिशांचा कलप माझ्या तोंडाला लागायची भीती, त्यांनी मला परत सतरंजीवर ठेवले. अशी मी सगळीकडून फिरत फिरत माजघराच्या उंबरठ्यापाशी येऊन पडले.

आता नेहमीसारखे गंगूबाईंनी ओरडायला हवे होते. पण ओरडणार काय? "वय तिशीचं!" असे पाहुण्यांदेखत ओरडले तर पाहुणेच चमकायचे. ही गोष्ट नळीतूनच हळू सांगायला हवी, हे त्या चतुर बाईंच्या लगेच ध्यानात आले. त्यांनी मला उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आगगाडीतून कुणाकुणाला लागून आलेल्या तिघा पुरुषांनी मला शिवले होते. त्या सोवळ्यात होत्या, आणि चुलीवर पुरण शिजत होते.

"गोदे," त्या कुजबुजल्या, "तू धर ती. आणि मी सांगते तेवढंच बोल."

गोदाने मला उचलले. तिच्या बोटांवरचे फोड अजून सुकले नव्हते. तिने पदर पुढे ओढला आणि माझे तोंड पदराच्या आत घेतले.

"सांग, ते म्हणताहेत, मुलगा तिशीचा आहे."

मी वाट पाहत होते. पहिल्यांदा नुसता श्वासच आला. मग शब्द आले, अगदी हळू. "अहो, मी आहे."

त्र्यंबकराव ताठ बसले. या आवाजाशी त्यांचे लग्न होऊन इतकी वर्षे झाली होती, पण ताप आल्यापासून तो त्यांनी ऐकला नव्हता.

"मागे वळू नका. सासूबाई शेजारी आहेत. ऐकू आलं तर नुसती मान हलवा."

त्र्यंबकरावांनी मान हलवली.

"बघ, पटतंय त्याला!" गंगूबाई खुशीत कुजबुजल्या. "आता सांग, एकच बायको गेली, मागे मूलबाळ नाही."

"दोन बायका गेल्या," गोदा म्हणाली. "हे पन्नाशीला आलेत. पहिलीची मुलगी कल्याणला बाळंतपणाला आलीय. आपली शकू मांडवातच आजी होईल."

मान हलायची थांबली.

"सांग, घर सोन्यासारखं आहे, आढेवेढे घेऊ नकोस म्हणावं. हो म्हण म्हणावं."

माझ्या पोटात गोदाचा आवाज कापत होता. "तुम्ही नाही म्हणा. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. म्हणजे मागितलं होतं, ते तुम्हाला पोचलं नाही. हे एवढं पोचू द्या."

माझ्यासारखीला देवदेव करता येत नाही. नाहीतर त्या घटकेला मी केले असते. तो नरसाळ्याचा सांधा धरून राहावा, गुणाजीच्या कामात खोट नसावी, एक अक्षर वाटेत गळू नये, एवढेच मला हवे होते. एकही गळले नाही. माझ्या त्या गावठी तोंडाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला.

त्र्यंबकरावांनी मान वर करून समोरच्या काळ्याकुळकुळीत मिशांकडे पाहिले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसतो. ते बोलले तेव्हा अख्ख्या आळीने ऐकले.

"विठ्ठलपंत! आपली कन्या बाळंतपणाला आली आहे म्हणे! काय झालं? मुलगा की मुलगी?"

विठ्ठलपंतांचा हात मिशीवर गेला. भटजींनी खोकून पाहिले. पण काका म्हातारे आणि सरळ. त्यांना एवढेच वाटले की पाहुणे आपुलकीने विचारताहेत. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मुलगा! परवाच बारसं केलं! असा गुटगुटीत आहे! थेट आजोबांवर गेलाय!" आणि त्यांनी कौतुकाने विठ्ठलपंतांच्या पाठीवर थाप मारली.

हे त्र्यंबकरावांना ऐकू आले नाही. पण विश्रामरावांनी दोन हातांनी बाळ खेळवल्यासारखे करून विठ्ठलपंतांकडे बोट दाखवले. ही खूण त्यांना बरोबर समजली.

"अभिनंदन," ते उठून उभे राहत म्हणाले. "आमची शकू अजून भातुकली खेळते. तिच्याच्यानं नातवंड सांभाळणं व्हायचं नाही. जेवून जा. पुरण झालंय."

सुपारी तबकातच राहिली. मंडळी जेवली मात्र पोटभर. काकांनी दोनदा पोळी मागून घेतली.

पाहुणे गेल्यावर गंगूबाईंनी तोंड सोडले. माहेरचे नाक कापले, माझा विश्वास गेला, ही बया मला फसवून बोलली! त्र्यंबकरावांनी शांतपणे माझी बोंडी कानातून काढली आणि मला खुंटीला अडकवले. गंगूबाई बोलत राहिल्या. ते हसत्या चेहऱ्याने पानाला चुना लावत बसले.

आठवडा संपला तसे विश्रामरावांनी विचारले, "मग? पटली?" त्र्यंबकरावांकडे तेवढी रोख रक्कम नव्हती. त्यांनी सोनाराकडे जाऊन कानातली भिकबाळी मोडली आणि पैसे विश्रामरावांच्या हातावर ठेवले.

गंगूबाईंनी कपाळ बडवून घेतले. "सोनं देऊन पितळ घेतलंस रे!"

"आई," त्र्यंबकराव म्हणाले, "ती बाळी इतकी वर्षं कानातच होती. एक शब्द बोलली नाही."

माझी किंमत तशी अनेकांनी केली. गंगूबाईंनी म्हशीवरून, लिलाववाल्याने पिंजऱ्यासकट, गुणाजीने तेलाच्या थेंबावरून. सगळ्यांची बेरीज चुकली. मला घेणाऱ्याने आपल्या कानाचा विचार केला होता, आणि माझी खरी गरज होती दाराआडच्या बाईला. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर नळी महाग म्हणून मागे फिरण्याआधी एवढे बघा, की त्या माणसाशी बोलायला कोण थांबले आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. शकूचे लग्न उशिरा झाले. लोकांनी भरपूर नावे ठेवली, ती त्र्यंबकरावांना ऐकू आली नाहीत. तिला शिकणारा, तिच्या जोगा नवरा मिळाला. ती आली की तिचे पोर माझ्या नरसाळ्यात तोंड घालून किंचाळते आणि आजोबा खुर्चीतून उडतात.

गंगूबाई उतारवयात स्वतः ठार बहिऱ्या झाल्या. तेव्हा मी त्यांच्याही कानाला लागले, उष्ट्याबिष्ट्याचे कुणी काही काढले नाही. गोदा त्यांना घरातले सगळे जसेच्या तसे सांगायची. पण म्हातारीचा शेवटपर्यंत संशय होता की सून मधले काहीतरी गाळते आहे. त्या गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

माझेही वय झाले. रेशीम जागोजाग विरले. जिथे फाटते तिथे आवाज गळतो, मग गुणाजी तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडतो. असे करता करता मी हातभरच उरले आहे. त्यामुळे दोघांना ओटीवर अगदी जवळ जवळ बसावे लागते. येणारेजाणारे बघतात, गालात हसतात. नळीच आखूड, त्याला इलाज नाही, असे गोदा सांगते.

खरे तर आता ती ओरडली तरी तिला कोण अडवणार आहे? घरात सासू नाही, सासरा नाही. पण ती अजून माझ्यातूनच बोलते, आणि हळूच बोलते. फार मोठे काही नसते. भोपळा महागलाय, मांजर व्यालीय, आज गार वारा आहे.

कालचेच सांगते. तिने नरसाळे तोंडाशी धरले आणि म्हणाली, "चला, पानं वाढलीत."

त्र्यंबकराव जागचे हलले नाहीत. "काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. ती तिसऱ्यांदा बोलली, तेव्हा कुठे ते हसत उठले. आता तुम्हाला एक सांगते, तिला कळू देऊ नका. पहिल्याच वेळी त्यांना नीट ऐकू गेले होते. मीच पोचवले होते ना.